न्यूयॉर्कचे वसतिगृह, सोलापूरचे वसतिगृह

परदेशी शिकायला गेलेल्या लेकराने परतताना समाजासाठी काय आणावे? बाबासाहेबांनी आणले त्याची खूण सोलापुरात आहे.

१९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. त्यातूनच घरखर्चालाही पैसे पाठवायचे. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहातले जेवण मानवेना, म्हणून त्यांनी जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी मित्राची सोबत लाभली. तिथे विटाळ नव्हता. मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, असे त्यांनी तिथूनच वडिलांच्या स्नेह्यांना पत्राने कळवले.

१९२३ साली बॅरिस्टर होऊन ते लंडनहून परतले. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. परक्या गावी शिकणाऱ्याला आधी छप्पर आणि दोन घास लागतात, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

आज अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. माता-पित्यांनो, मुलीलाही अर्ज भरू द्या. आणि जाणाऱ्यांनो, परत आल्यावर वस्तीतल्या एका तरी मुलाच्या शिक्षणाचा भार उचला.

जय भीम!