कळ, गोळी आणि कारण

आपल्या टेमघरात, यंत्रमागांच्या भिवंडीत, पोटात कळ आली की खाडा नको म्हणून मेडिकलमधून गोळी आणतात. मासिक पाळीतही तीच. त्या एका गोळीत बहुधा दोन औषधं असतात. डायसायक्लोमिन आखडलेले स्नायू सैल करतं, मेफेनॅमिक ॲसिड वेदना कमी करतं.

न्यायशास्त्र धुरावरून अग्नीचं अनुमान करायला शिकवतं. कळ हा धूर समजा. धूर दिसेनासा झाला म्हणजे आग विझली, असं नव्हे. अपेंडिक्सला सूज असेल तर गोळीनं दुखणं दबतं, सूज राहतेच. म्हणून ताप, उलट्या, शौचातून रक्त, पोट कडक होणं, किंवा गरोदरपण असेल, तर गोळी न घेता दवाखाना गाठावा.

एरवीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्यावी, जेवणानंतर. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, काचबिंदू असेल तर आधी सांगावं. जोडीला दुसरं वेदनाशामक नको. गुंगी येते, तेव्हा मागावर उभं राहू नये.

नोव्हेंबर २०२३मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगानं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा दिला. क्वचित काही आठवड्यांनी ताप, पुरळ, गाठींना सूज येते, आतल्या अवयवांनाही इजा होते. तसं दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावं.

कळ थांबली तरी ती कशामुळे आली, हे विचारायचं थांबवू नका.