कार्ब्युरेटर : दोष शोधावा कसा आणि दुरुस्ती करावी कशी?

जुनी मालगाडी रस्त्यात अडखळू लागली, की पहिला आरोप येतो तो कार्ब्युरेटरवर. पेडल दाबताच गाडीने धक्का दिला, चढावर दम सोडला, किंवा उभी असताना इंजिन बंद पडले, तर ‘कार्ब्युरेटर खराब झाला’ असा निवाडा होतो आणि पाने-पेचकस बाहेर निघतात. पुष्कळदा दोष निराळाच असतो. बिचाऱ्या कार्ब्युरेटरचे मात्र सुटे भाग होतात, नाजूक छिद्रे तारेने कोरली जातात आणि जे यंत्र धडधाकट होते तेच कायमचे बिघडते. ज्याचे पोट गाडीच्या फेऱ्यांवर चालते, त्याला असा उतावळेपणा फार महाग पडतो.

कार्ब्युरेटरचे काम सांगण्यास सोपे, साधण्यास अवघड आहे. वजनाने एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! इंजिन मंद चालो वा वेगाने, थंड असो वा तापलेले, हे प्रमाण योग्य मर्यादेत ठेवावयाचे, आणि तेही विजेच्या वा कोणत्याही मोजयंत्राच्या मदतीविना. यासाठी निसर्गाचा एकच नियम उपयोगी पडतो. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली, की तेथील दाब उतरतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी याने या परिणामाविषयीचे आपले प्रयोग १७९७ साली प्रसिद्ध केले. कार्ब्युरेटरच्या गळ्यात दाब उतरताच वाटीतील पेट्रोल बारीक नळीतून वर ओढले जाते आणि तुषाररूपाने हवेत मिसळते.

उदाहरणादाखल विलीज जीपचा छोटा ट्रक घ्यावा. अमेरिकेतील टोलेडो शहरी १९४७ ते १९६५ या काळात हा ट्रक तयार होत असे. त्याच्या चार सिलिंडरच्या ‘हरिकेन’ इंजिनावर कार्टर कंपनीचा ‘वाय. एफ.’ जातीचा कार्ब्युरेटर बसविला जाई. याच इंजिनाच्या जीप पुढे मुंबईत महिंद्र कंपनीने बनविल्या. त्यामुळे आपल्याकडील अनेक जुन्या मिस्त्रींचा हात या यंत्रावर बसलेला आहे.

या कार्ब्युरेटरात पाच मार्ग आहेत. पहिला तरंगकाचा : वाटीतील पोकळ तरंगक पेट्रोलबरोबर वर चढतो आणि सुईची झडप मिटवून पातळी राखतो. दुसरा मंदगतीचा : पेडल मोकळे असता इंजिन याच्यावर जगते. तिसरा मुख्य जेटचा, चढाचा नि वेगाचा. चौथा पंपाचा : पेडल एकदम दाबल्यावर हवा क्षणात आत शिरते, पण पेट्रोल मागे रेंगाळते, ही उणीव पंप पिचकारीने भरून काढतो. पाचवा चोक, थंड इंजिन सुरू करण्यापुरता. दोष कोणत्या प्रसंगी दिसतो हे नीट पाहिले, की कोणता मार्ग तपासावयाचा ते आपोआप कळते.

परंतु त्याआधी तीन गोष्टी पारखून घ्याव्यात. पहिली ठिणगी. प्लग काढून त्यांचे रंग पाहावेत : फिकट तपकिरी असल्यास मिश्रण ठीक, कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल अधिक, पांढरेफटक असल्यास हवा अधिक. पॉइंट जळालेले असले किंवा टायमिंग चुकले असले, तर कार्ब्युरेटर कितीही साफ केला तरी गाडी मिस मारणारच. दुसरी गोष्ट पेट्रोलचा पुरवठा. गाडी थोडी चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा चालते, असे झाले तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. गाळणी तुंबली आहे काय, पंप नीट ओढतो काय, हेही पाहावे. तिसरी गोष्ट चोरटी हवा. कार्ब्युरेटरच्या तळाचे पॅकिंग फाटले, की न मोजलेली हवा आत शिरते आणि इंजिन मंदगतीवर स्थिर राहात नाही. सांध्यावर ब्रशाने थोडे इंजिन तेल लावावे. इंजिनाची चाल पालटली तर गळती तेथेच आहे. ही परीक्षा पेट्रोल शिंपडून कधीही करू नये. तापलेल्या इंजिनावर ते आगीला आमंत्रण होय.

या तिन्ही परीक्षा उलटल्यावरच कार्ब्युरेटरकडे वळावे. पेट्रोल वाहून गळू लागले, तर सुईच्या झडपेत कचरा अडकला असेल किंवा तरंगक फुटला असेल. तरंगक कानाशी हलविला असता आत पेट्रोल खळखळते. गरम पाण्यात बुडविला तर फटीतून बुडबुडे निघतात. मंदगतीचा स्क्रू फिरवूनही चालीत काहीच फरक पडत नसेल, तर मंदगतीचा मार्ग तुंबला असावा. पेडल दाबताच गाडी अडखळते तेव्हा पंपाचा पडदा तपासावा. या जातीच्या कार्ब्युरेटरात हा पडदा फाटला, तर त्याच फाटीतून पेट्रोल इंजिनात झिरपू शकते; म्हणून अडखळणे आणि काळा धूर ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, की संशय येथेच घ्यावा. मात्र चोक अर्धवट मिटलेला राहिला किंवा हवेची गाळणी मळली, तरीही काळा धूर येतो, हे विसरू नये.

उघडण्याचे काम मोकळ्या हवेत करावे. बॅटरीची तार काढावी. विडी, दिवा, शेगडी दूर असावी. प्रत्येक तार नि दांडा कोठे होता याचे चित्र काढून ठेवावे. मंदगतीचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत टेकवून किती फेरे बसतात ते मोजावे. सारे भाग एका उथळ ताटात मांडावेत, म्हणजे मोहरीएवढ्या गोळ्या हरवत नाहीत. धातूचे भाग द्रावणात भिजवावेत. रबर, चामडे व पडदे त्यात घालू नयेत. जेटच्या छिद्रात तार मुळीच घालू नये. ती छिद्रे काटेकोर मापाची असतात. एक ओरखडा पडला तरी माप गेले. दाबाची हवा प्रत्येक मार्गातून सोडावी आणि ती पलीकडून निघते याची खात्री करावी.

झिजेची तपासणी सर्वांत महत्त्वाची. थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून पाहावा. तो भोकात डुगडुगत असेल, तर तेथून हवा शिरते आणि नव्या पॅकिंगचा पूर्ण संच घालूनही गाडी सुधारत नाही. अशा वेळी बुश बसविणे हाच उपाय. सुई आणि तिची बैठक ही जोडीनेच बदलावीत. नवे पॅकिंग जुन्यावर ठेवून भोके जुळतात काय ते पाहावे, कारण एक भोक झाकले गेले तरी एक मार्ग मुका होतो. तरंगकाची उंची त्या प्रतीच्या मापपत्रिकेप्रमाणेच लावावी, अंदाजाने नव्हे.

गाडीवर चढविल्यावर इंजिन पुरते तापू द्यावे व चोक पूर्ण उघडा आहे याची खात्री करावी. मंदगतीचा स्क्रू हळूहळू आत घ्यावा. इंजिन अडखळू लागले की थांबावे. मग तो बाहेर घ्यावा. चाल जड होऊन डोलू लागली की पुन्हा थांबावे. या दोहोंच्या मध्ये जेथे इंजिन सर्वांत सरळ चालते, ती त्याची जागा. त्यानंतर फेरे मिनिटाला सुमारे ६०० वर आणावेत.

आज एक नवी अडचण उभी राहिली आहे. भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर आले. इथेनॉल जळण्यास हवा कमी लागते. म्हणून जुन्या जेटमधून तेच माप गेले तरी मिश्रण पातळ पडते. शिवाय ते पाणी शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पडदे व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवावयाची झाल्यास वाटी रिकामी करावी.

१ एप्रिल २०२० रोजी लागू झालेल्या भारत स्टेज सहा नियमांनंतर नव्या वाहनांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. जुन्या गाड्या मात्र अजूनही बाजाराचे ओझे वाहात आहेत. त्यांचे भाग दुर्मिळ झाले, म्हणूनच तपासणीचा क्रम अधिक मोलाचा. ज्यात खर्च नाही ते आधी पाहावे, ज्यात धोका आहे ते शेवटी उघडावे. चांगला मिस्त्री स्क्रूला हात लावण्यापूर्वी गाडीचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकून घेतो.