पाटणादेवी

पाटणादेवी हे महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात, चाळीसगाव शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर असलेले देवस्थान व निसर्गस्थळ आहे. सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर उतारावर, तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेल्या दरीत ते वसले आहे. एकेकाळी येथे पाटण नावाचे नांदते नगर होते. आता देवालये, पडझड झालेले अवशेष आणि अरण्य एवढेच उरले आहे. हा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. दरीच्या आतल्या टोकाला धवलतीर्थ व केदारकुंड हे पावसाळी धबधबे आहेत.

भूरचना

येथील डोंगर दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचे आहेत. लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरलेले असल्याने टणक थराखालचा ठिसूळ थर आधी झिजतो आणि वरचा भाग तुटून कडा उभाच राहतो. ओढा अशा रीतीने डोंगरात मागे मागे सरकत गेला, की शेवटी घोड्याच्या नालेसारखी बंदिस्त दरी तयार होते. भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर 'काला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिंचोळ्या खाड्याही मुळात ओढ्यांनी कोरलेल्या दऱ्याच होत. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली तेव्हा त्यांची तोंडे बुडाली. तेथे चुनखडक आहे, येथे काळा पाषाण. शिवाय खानदेशाच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. तरीही कड्यांच्या कुशीत दडलेले, बाहेरून नजरेस न पडणारे पाणी हे दोन्हींचे वैशिष्ट्य सारखेच आहे.

दरीतील पाणी डोंगरी नदीतून चाळीसगावकडे वाहते व तेथे तितूर नदीला मिळते. तितूर पुढे गिरणेत जाते. रानात साग, सालई, अंजन, धावडा, पळस अशी पानझडी झाडे आहेत. त्यामुळे श्रावणातील हिरवी दरी आणि वैशाखातील करडी दरी ही एकच जागा आहे, हे नवख्याला सांगूनही पटत नाही.

पाटण नगर व शिलालेख

बाराव्या शतकात येथे निकुंभ घराण्याची सत्ता होती. हे घराणे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक होते. दरीच्या तोंडाशी असलेल्या महादेव मंदिरातील शके १०७५ च्या (इ.स. ११५३) लेखावरून असे समजते की, इंद्रराजाने सुरू केलेले शिवालय त्याच्या मृत्यूनंतर पूर्ण झाले. त्या काळात त्याची राणी श्रीदेवी राज्यकारभार पाहत होती.

याहून महत्त्वाचा लेख देवीच्या मंदिरात मिळाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणला. पुढे कीलहॉर्न यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात तो संपादित केला. 'सिद्धांतशिरोमणी'कर्ते भास्कराचार्य (जन्म शके १०३६) यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला. या मठाला निकुंभ राजा सोइदेव याने ९ ऑगस्ट १२०७ रोजी, चंद्रग्रहणाच्या पर्वावर दान दिले. त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव यानेही दान दिल्याचा उल्लेख आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. परंतु बाजारातील व्यवहारांवर व तेलाच्या घाण्यांवर मठासाठी किती कर द्यायचा, हा मजकूर लोकांच्या बोलीत, म्हणजे जुन्या मराठीत आहे. ज्यांच्याकडून कर घ्यायचा त्यांना तो समजलाच पाहिजे, ही व्यवहारी दृष्टी त्यामागे असावी. आज निर्जन असलेल्या या दरीत दुकाने, दलाल आणि घाणे होते, याचा तो लेखी पुरावा आहे.

या लेखाच्या आधारे पाटण हेच भास्कराचार्यांचे जन्मस्थान असल्याचे स्थानिक पातळीवर ठामपणे सांगितले जाते. भास्कराचार्यांनी स्वतः आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेले विज्जलविड असल्याचे सांगितले आहे, आणि त्या गावाच्या स्थानाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. चांगदेवाचा पिता लक्ष्मीधर याला राजा जैत्रपालाने येथूनच आपल्या दरबारी नेले, असे लेखात म्हटले आहे. म्हणजे घराण्याचा पाटणशी संबंध निश्चित आहे. जन्मस्थानाचा दावा मात्र त्याच्या पुढे जातो.

दरीतील वाट

मंदिराजवळून धबधब्यांकडे जाणारी पायवाट बरीचशी ओढ्याच्या पात्रातून, गोट्यांवरून जाते. वाटेत कठडे नाहीत, उपाहारगृहे नाहीत; ही उणीव नसून अभयारण्याचे स्वरूप आहे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. त्यामुळे वन विभागाच्या नाक्यावर नोंद करूनच आत जाता येते. नवरात्रात देवीच्या दर्शनास मोठी गर्दी होते, तीही बहुतांशी मंदिरापाशीच थांबते. जवळच कण्हेरगड हा किल्ला व कोरीव लेणी असून, डोंगरापलीकडच्या दरीत इ.स. पूर्व काळातील पितळखोरे ही बौद्ध लेणी आहेत. तेथील दानलेखांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, दात्यांचा उल्लेख आढळतो.

बंदिस्त दरीचा धोका तिच्या रचनेतच आहे. पठारावर पडलेला सगळा पाऊस मोजक्या ओढ्यांतून खाली येतो. दरीत ऊन असतानाही वर कोसळलेल्या सरीने पात्र अचानक भरते, आणि दोन्ही बाजूंना कडे असल्याने बाजूला सरकायला जागा राहत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी या डोंगररांगेत अतिवृष्टी झाली. डोंगरी व तितूर नद्यांच्या पुराचे पाणी चाळीसगाव शहरात व आसपासच्या गावांत शिरले, अनेक जनावरे वाहून गेली आणि जवळच्या कन्नड घाटात दरडी कोसळून महामार्ग बंद पडला. हाच घाट ब्रिटिश अधिकारी जेम्स औट्रम याच्या नावाने औट्रम घाट म्हणून ओळखला जातो व अभयारण्याच्या नावातही तो आला आहे.

मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील चाळीसगाव हे सर्वांत सोयीचे स्थानक होय. धुळ्याकडून येणाऱ्यांसाठी १९०० मध्ये सुरू झालेला चाळीसगाव–धुळे फाटा आहे. स्थानकापासून पुढचा प्रवास रस्त्याने करावा लागतो. पावसाळा सरताच धबधब्यांची धार क्षीण होत जाते. उन्हाळ्यात पात्रात डबकी तेवढी उरतात आणि तीच बिबट्यासह इतर वन्य प्राण्यांची पाणवठ्याची जागा असते.