वाचून झालं? आता कोणाला देणार?

ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे दिगंबर जैनांची श्रुतपंचमी. या दिवशी मंदिरातली शास्त्रं कपाटातून बाहेर काढायची, धूळ झटकायची, जुनी वेष्टनं बदलायची आणि मग पूजा करायची, असा रिवाज आहे. परंपरा सांगते की गिरनारच्या गुहेत राहणाऱ्या वृद्ध धरसेन आचार्यांना आपल्यामागे हे ज्ञान बुडेल अशी काळजी लागली. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून ते शिकवलं. त्या दोघांनी रचलेला षट्खंडागम पुरा झाला तो हा दिवस. मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये, मृगाच्या आसपास तो येतो. पुस्तकांसाठी याहून चांगला मुहूर्त मला सुचत नाही. पाऊस लागला की कागदाला ओल धरते, कसर लागते. त्याआधी प्रत्येक पोथी एकदा हाताखालून जाते.

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला या सणाचं मोल आणखी आहे. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरं तिथे आहेत आणि त्यांच्या भांडारांत शतकांच्या पोथ्या साठल्या. त्या आल्या कुठून? बऱ्याचशा दानातून. आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीनं शास्त्राचं दान जैन परंपरेत मानलं जातं. एखादं व्रत पुरं झालं की गृहस्थ, पुष्कळदा घरातली बाई, लेखनिकाला पैसे देऊन ग्रंथाची नक्कल करवून घेई आणि ती एखाद्या मुनीला, आर्यिकेला किंवा ब्रह्मचाऱ्याला अभ्यासासाठी देई. अशा पोथीच्या शेवटच्या पानावर लेखनिक कोण, कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणी लिहवून घेतली आणि कोणाला दिली, याची नोंद असते. पुस्तक सुचवणं म्हणजे काय, याचा इतका नेमका दाखला मला दुसरीकडे सापडत नाही. देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं नाव आहे, आणि पुस्तक नुसतं वाखाणून न थांबता प्रत्यक्ष हातात ठेवलेलं आहे.

या हातोहात प्रवासानं काय वाचलं ते पाहा. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत पुष्पदंत नावाचा कवी होऊन गेला (षट्खंडागमाचे मुनी वेगळे). त्यानं अपभ्रंशात काव्यं लिहिली, म्हणजे प्राकृत आणि आजची मराठी यांच्या मधल्या टप्प्यावरच्या भाषेत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कारंज्याच्या भांडारांची नीट पाहणी झाली. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. त्यात कारंज्याच्या पोथ्या आल्या आणि अभ्यासकांचं लक्ष तिकडे वळलं. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन या कामात अग्रभागी होते. कारंज्यातूनच अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली. तिच्यात १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादलेलं पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ आलं, १९३४ साली हिरालाल जैनांनी संपादलेलं कनकामराचं ‘करकंडचरिउ’. या दुसऱ्या काव्यात तेर परिसरातल्या लेण्यांचं वर्णन येतं आणि ती धाराशिवची लेणी असल्याचं हिरालाल जैनांनी दाखवलं. पुढे १९३९पासून त्यांनी षट्खंडागम आणि त्याची धवला टीका यांचे खंड काढायला घेतले. मूळ ताडपत्रं दूर कर्नाटकातल्या मूडबिद्रीला होती. संपादनासाठी हाताशी होत्या त्या अमरावती, आरा आणि कारंजा इथे पोचलेल्या नकला.

आता उलटं उदाहरण, तेही वाशिमचंच. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा कवी होता. त्यानं महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य लिहिलं. आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त त्याची दखल घेतली, पुढच्या साहित्यशास्त्रकारांनीही त्यातले श्लोक उद्धृत केले. राजशेखरानं तर ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच वत्सगुल्मात लावलं. एवढी कीर्ती होऊनही ‘हरिविजय’ आज उपलब्ध नाही. जाणकारांची स्तुती उरली आणि त्यांनी उचललेले तुटक श्लोक उरले, काव्य गेलं. राजाचं पुस्तक हरवलं आणि परमुलखातल्या कवीची पुस्तकं कारंज्यातल्या गृहस्थांमुळे टिकली, ही गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयात सांगावी अशी आहे.

आपल्याकडे वाचायला मोकळा वेळ मिळतो तो उन्हाळ्यातच. तूर-हरभरा निघालेला असतो, सोयाबीनची पेरणी पावसावर अवलंबून असते. वखरणी सकाळी उरकली की अकरानंतर बाहेर पडवत नाही. विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. लग्नसराईत पुण्या-नागपूरची भावंडं घरी येतात आणि त्यांच्या बॅगांतून पुस्तकंही येतात. वीटभट्टीवर किंवा रोजंदारीवर जाणाऱ्यांच्या वाट्याला ही निवांत दुपार येत नाही, हे विसरता कामा नये; त्यांच्यापर्यंत पुस्तक संध्याकाळी न्यावं लागतं. पुस्तक वाचकाकडे न्यायचं, हा विचार मराठी माणसाला नवा नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात शंभर वर्षांपूर्वी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’नं २००९पासून पेटीचीच वाट धरली. सातारा जिल्ह्यातलं भिलार तर ४ मे २०१७ला, ऐन उन्हाळ्यात, पुस्तकांचं गाव झालं.

१९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं महाराष्ट्रात गावोगाव झाली. देवघेवीच्या रजिस्टरमध्ये पुस्तक कोणी नेलं हे कळतं, पण ते कसं वाटलं आणि पुढे कोणाला द्यावं हे कळत नाही. टेबलावर दोरीनं बांधलेली एक वही ठेवली तरी हे काम होईल. परत करणाऱ्यानं दोन ओळी लिहाव्यात: कोणासाठी चांगलं, कुठपर्यंत धीर धरावा लागतो, कोणत्या पानापासून सुटत नाही. ‘छान आहे, वाचा’ एवढ्यानं कोणी वाचत नाही. ‘हे तुयासाठीच हाय, वाचून पाय बाप्पा’ असं म्हटलं की वाचतो, कारण आपल्याला ओळखून ते दिलंय हे त्याला कळतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा हे एक सूत्र आहे. तो वाचक शोधण्याचं काम एकट्या ग्रंथपालावर टाकून चालणार नाही.

या उन्हाळ्यासाठी माझ्या सूचना अशा. लेखक पुण्या-मुंबईतच होतात असं वाटणाऱ्या दहावी-अकरावीच्या मुलाला नामदेव कांबळे यांची ‘राघववेळ’ द्या. कांबळे आपल्या जिल्ह्यातल्या शिरपूरचे. दलित जगण्याच्या या कादंबरीला १९९५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री. त्यानं ती वाचली की बाबाराव मुसळे यांची ‘हाल्या हाल्या दुधू दे’ हाती ठेवा. तेही वाशिमचेच, आणि या मातीतलं शेतकऱ्याचं जगणं त्यात आहे. शिकायला बाहेर गेलेल्या आणि वऱ्हाडी बोलायला लाजणाऱ्या मुलीसाठी उद्धव शेळके यांची ‘धग’. देताना तिला सांगा की संवाद मोठ्यानं वाच. कौतिकची झुंज कानावर पडली की आजीचा आवाज ऐकू येतो, आणि मग पुस्तक खाली ठेवता येत नाही. १९६०ची ही कादंबरी मला आजही मराठीतल्या पहिल्या पाचांत वाटते.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ मात्र जपून द्यावी. शेजारच्या बुलढाण्याची ही कादंबरी, २००४च्या साहित्य अकादमीची मानकरी. शिकूनही नोकरी न मिळालेल्या शेतकऱ्याच्या मुलाची, एकनाथची, ही कहाणी आपल्याकडच्या कितीतरी घरांची आहे. म्हणूनच ज्या घरात कर्जाचं किंवा मृत्यूचं दुःख ताजं आहे तिथे ती नेऊन ठेवू नये. ती आधी वाचावी त्या घराला उंबऱ्याबाहेरून पाहणाऱ्यांनी: बँकेतल्या, तहसीलमधल्या, शाळेतल्या माणसांनी. त्याच न्यायानं आत्माराम कनीराम राठोड यांचं ‘तांडा’ हे आत्मकथन बंजारा नसलेल्या वाचकाला द्यावं. पोहरादेवीला लाखोंची गर्दी होते हे जिल्ह्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, तांड्यातलं घर आतून फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

आणि लहान मुलं. त्यांच्या हाती पुस्तक देऊन ‘वाच’ म्हणू नये. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं पहिलं प्रकरण दुपारी सगळ्यांना गोळा करून मोठ्यानं वाचावं, बन्या चांगला संकटात सापडला की थांबावं, चहा ठेवायला उठावं आणि पुस्तक तिथेच उघडं ठेवावं.