नोकरीच्या शोधातला शनिवार

भाची मूळची इचलकरंजीची. पुण्यात फॅशन डिझाइनचा अभ्यासक्रम पुरा करून ती कोलकात्यात नोकरी शोधायला माझ्याकडे, शहराजवळच्या बजबजला आली. अर्ज जात होते, उत्तरं येत नव्हती. माझी सगळी नोकरी तयार कपड्यांच्या तपासणीत गेली, म्हणून तिचा दिवस आम्ही दोघींनी बसून नव्याने आखला. त्यातला हा एक शनिवार.

सकाळी ६
चहा होईपर्यंत ती वही उघडते. अर्जांचे तीन रकाने: डिझाइन, मर्चंडायझिंग, क्वालिटी. पूर्वी सगळे अर्ज पहिल्याच रकान्यात जायचे. पण कारखान्यात डिझायनर एखादाच असतो. त्याच्या मागे मर्चंडायझर, पॅटर्न मास्टर, सॅम्पलिंगची माणसं, लाइन सुपरवायझर, चेकर अशी मोठी फळी लागते. खरेदीदाराने नमुना मंजूर केला का, कापड वेळेवर आलं का, माल कधी निघणार, हे सगळं मर्चंडायझर बघतो. माणसांची गरज या फळीत जास्त असते. आता तिन्ही कामांसाठी तिचे वेगळे बायोडाटा आहेत.

सकाळी ७.३०
पोर्टफोलिओ. चित्रांची जाड फाइल आम्ही निम्म्याहून कमी केली. उरलेल्या प्रत्येक कपड्याला टेक पॅक जोडला: पुढून-मागून रेखाचित्र, मापांचा तक्ता, कापडाचा जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), शिलाईचा प्रकार, खर्चाचा अंदाज. आज टी-शर्टचा हिशेब झाला. लांबी ७० सेंटीमीटर, बाही २२, शिलाई आणि दुमडीचे १०, मिळून १०२. छातीची रुंदी ५२, वाढीव ४, म्हणजे ५६. दोन्हींचा गुणाकार दुप्पट केला की सुमारे १.१४ चौरस मीटर. १८० जीएसएमचं कापड २०६ ग्रॅम लागेल, दहा टक्के घट धरून २२६. डझनाला साधारण २.७ किलो. हा कागद फाइलीत सगळ्यात वर ठेवला.

सकाळी ९
लोकल बजबजहूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. नुंगी, आक्रा, मग संतोषपूर. तिथे उतरून टोटोने, म्हणजे ई-रिक्षाने, मेटियाब्रुज. अवधचं राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह १८५६ साली इथे आला आणि त्याच्याबरोबर लखनौचे शिंपीही आले. आज हा भाग आणि शेजारचं महेशतला देशातल्या तयार कपड्यांच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांचा. शनिवार-रविवारी हाट भरतो आणि परराज्यांतले व्यापारी गठ्ठ्याने माल उचलतात.

सकाळी १०.३०
हाटात ती आधी नुसती बघते. कुठली कॉलर चालली आहे, अस्तर कुठे लावलंय, कुठे गाळलंय, ठोक भाव काय. सगळं वहीत उतरतं. मग एका ओस्तागरांकडे. ओस्तागर म्हणजे इथला कपड्याचा मालक-कारागीर: कापड घेतो, नमुना ठरवतो, कटिंग करून शिंप्यांकडे शिवायला देतो.

फ्रॉकचं चित्र बघून ते म्हणाले, “चित्र छान आहे, मा. पण या घेराला कापड किती खाईल? पन्हा किती धरलास?”

“चव्वेचाळीस इंची, चाचा. घेराचे तुकडे पाचाऐवजी चार केले तर पन्ह्यात नीट बसतात, कापड वाया जात नाही.”

त्यांनी लगेच पॅटर्न मास्टरना हाक मारली. “सोमवारी ये. यांच्याबरोबर दोन नमुने काढ. नगावर पैसे देईन.”

ही कायमची नोकरी नव्हे. पण आता बायोडाट्यात लिहायला खरं काम असेल आणि चौकशी करणाऱ्याला सांगायला एक माणूस.

दुपारी २
जेवण, मग फोन. वर्गमैत्रिणी, सीनियर, हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात ओळख झालेली मराठी कुटुंबं. “नोकरी आहे का?” असं ती विचारत नाही. “तुमच्याकडे सध्या कुठल्या कामाला माणूस कमी पडतोय?” असं विचारते. पहिल्या प्रश्नाला नाही म्हणून मोकळं होता येतं, दुसऱ्याला माणूस सविस्तर बोलतो.

दुपारी ४
माझी शिकवणी: एक्यूएल, म्हणजे लॉटमध्ये किती दोष चालवून घ्यायचे याची ठरलेली मर्यादा. लॉट १,२०० नगांचा, नेहमीची तपासणी, पातळी दोन, एक्यूएल २.५. मग ८० नग काढून बघायचे. दोष पाचापर्यंत असले तर लॉट पास, सहा झाले की नापास. घरातले जुने सदरे उलटे करून ती सुटलेले टाके आणि तिरप्या शिवणी शोधते.

संध्याकाळी ६
दोनच अर्ज, पण नीट. कंपनी नेमकं काय बनवते हे आधी वाचायचं आणि त्यातलं कुठलं काम आपण उचलू शकतो हे पत्राच्या पहिल्या दोन ओळींत सांगायचं. आठवड्याने विचारणा करायची तारीखही तेव्हाच वहीत.

रात्री ८
“मावशी, एका कंपनीवाले मुलाखतीआधी चाचणी म्हणून पूर्ण कलेक्शन मागतायत.” मी म्हटलं, एक डिझाइन दे, त्यावर नाव आणि तारीख टाक, मूळ फाइल देऊ नकोस. दिवसेंदिवस फुकट काम करून घेणाऱ्याला नम्रपणे नकार द्यायचा. आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याशी पुढे बोलायचंच नाही.

फॅशनमध्ये अडकून पडलेल्या प्रत्येक मुलामुलीला माझं कळकळीचं सांगणं आहे. उद्या आणखी अर्ज धाडण्याआधी तुमच्या सगळ्यात आवडत्या डिझाइनला कापड किती लागेल, ते शिवायला खर्च किती येईल आणि ते तपासायचं कसं, हे एका कागदावर लिहून काढा. मग तो कागद घेऊन जिथे कपडे शिवले जातात तिथे जा.