एसीएलचा मजकूर: छापणं सोपं, वाचणं अवघड

मागच्या व्याख्यानात आपण फाइलच्या नऊ परवानगी-बिटांपाशी थांबलो होतो: मालक, गट आणि इतर, प्रत्येकाला तीन-तीन. आता समजा, मीरा फाइलची मालक नाही, गटातही नाही, पण फक्त तिलाच फाइल लिहू द्यायची आहे. नऊ बिटांत हे बसत नाही. त्यासाठी असते ॲक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजेच एसीएल. पॉझिक्सने याचं मानक करायला घेतलं होतं, पण १९९८ मध्ये तो मसुदा मागे घेतला गेला. त्याच्या १७व्या मसुद्यावर आजचं लिनक्स चालतं.

आपल्याला सी प्रोग्रॅममधून ही यादी माणसाला वाचता येईल अशी छापायची आहे. पायऱ्या तीनच. एसीएल_गेट_फाइल या फंक्शनला फाइलचा मार्ग आणि यादीचा प्रकार द्यायचा. ते एसीएल_टी प्रकारची वस्तू परत देतं. तिच्या पोटात काय आहे हे आपल्याला थेट बघता येत नाही. ती एसीएल_टू_टेक्स्टकडे द्यायची. ते मजकुराचा पॉइंटर देतं. मजकूर छापायचा आणि शेवटी दोन्ही गोष्टी एसीएल_फ्रीने सोडायच्या. कंपाइल करताना एसीएल लायब्ररी जोडायला विसरू नका.

बरेच जण इथे नेहमीच्या सवयीने मजकुरावर साधं फ्री चालवतात. ते चुकीचं आहे. लिनक्सची लायब्ररी मजकुराच्या आधी स्वतःची थोडी नोंद ठेवते, आणि आपल्या हातात येणारा पॉइंटर त्या नोंदीच्या पुढचा असतो. मॅलॉकने दिलेला मूळ पत्ता तो नव्हे. म्हणून फ्री केलं की प्रोग्रॅम कोसळू शकतो. तसंच, दोन्ही फंक्शनं चुकल्यास नल देतात. ते न तपासता छापायला जाऊ नका.

आता मजकूर बघू. पडद्यावर तो रोमन अक्षरांत येतो. आपण इथे देवनागरीत लिहू:

यूजर::आरडब्ल्यू-
यूजर:मीरा:आरडब्ल्यू-
ग्रुप::आर--
मास्क::आर--
अदर::---

सांगा बघू, मीरा ही फाइल लिहू शकते का? दुसरी ओळ वाचून कुणीही हो म्हणेल. पण उत्तर आहे, नाही. चौथी ओळ बघा. मास्क ही नावानिशी दिलेल्या व्यक्ती आणि सगळे गट यांच्यावरची कमाल मर्यादा आहे. मीराच्या ओळीतलं आणि मास्कमधलं, दोन्हीकडे जे आहे तेवढंच तिला मिळतं. म्हणजे फक्त वाचन. मालक आणि इतर यांना मास्क लागत नाही.

हे घडतं कसं? कुणीतरी सहज सीएचमॉड ६४० चालवतं. त्याला वाटतं, आपण गटाची परवानगी बदलली. पण एसीएलमध्ये मास्क असेल तर तो मधला आकडा मास्कवर जाऊन बसतो. मीराची ओळ जशीच्या तशी राहते, हक्क मात्र जातो. मग ती तक्रार करते, आणि आपण यादी दाखवून म्हणतो, नाव तर आहे की!

यावर उपाय आहे. लिनक्समध्ये एसीएल_टू_एनी_टेक्स्ट नावाचं जास्तीचं फंक्शन आहे. त्याला योग्य पर्याय दिला की मास्कमुळे जिथे फरक पडतो त्या ओळीपुढे प्रत्यक्ष मिळणारा हक्कही छापला जातो. तपासणीचा अहवाल काढायचा असेल तर हेच वापरा. मात्र हे फंक्शन लिनक्सपुरतं आहे. मॅकवर तर एसीएल_टू_टेक्स्टच्याच नावाने वेगळ्या मांडणीचा मजकूर येतो.

दुसरी गोष्ट नावाची. फाइलवर मीराचं नाव साठवलेलं नसतं, तिचा क्रमांक असतो. नाव छापताना शोधलं जातं. मीराचं खातं काढून टाकलं की तिथे नुसता क्रमांक दिसतो. तो क्रमांक कचरा समजून सोडू नका. उद्या तोच क्रमांक नव्या माणसाला दिला, तर मीराचा हक्क न मागता त्याच्याकडे जातो, आणि मजकुरात त्याचं नाव अगदी रीतसर दिसतं. दुसऱ्या यंत्रावर यादी न्यायची असेल तेव्हाही आधी ठरवा: नाव न्यायचं की क्रमांक? तिथे एकाच नावाचा क्रमांक वेगळा असू शकतो.

तेव्हा लक्षात ठेवा, एसीएल_टू_टेक्स्ट फाइलवर काय नोंदलंय ते सांगतं. कुणाला काय करता येतं हे आपल्याला मास्क धरून काढावं लागतं. घरी एक प्रयोग करा: वरची यादी एखाद्या फाइलवर लावा, सीएचमॉड ६६० चालवा आणि मजकूर पुन्हा छापा. कोणती ओळ बदलली ते बघा. पुढच्या वेळी उलटा प्रवास करू, मजकुरातून एसीएलकडे.