पॅनलसमोरचा माणूस

तेलशुद्धीकरण कारखाना असो, वीजकेंद्र असो की खतांचा प्रकल्प, तिथे चाललेल्या गोष्टी बहुतेक नजरेआडच घडतात. नळीतून काय वाहते आहे, टाकीत पातळी किती आहे, भांड्यातला दाब किती चढला आहे हे नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरला डोळ्यांनी दिसत नाही. त्याला दिसतात काटे, दिवे आणि पडद्यावरचे आकडे. पॅनल अर्धवट सांगत असेल, उशिरा सांगत असेल किंवा शंभर गोष्टी एकदम सांगत असेल, तर मुरलेला ऑपरेटरही चुकीचा निर्णय घेतो आणि त्या क्षणी त्याला तो बरोबरच वाटतो. माणूस आणि यंत्र यांच्यामधल्या या दुव्याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे ह्यूमन फॅक्टर्स, मराठीत मानवी घटकांचे शास्त्र. मोबाइल ॲपच्या जगातला ‘यूजर एक्स्पीरिअन्स’ हा शब्द अलीकडे कारखान्यांतही ऐकू येऊ लागला आहे, पण कारखान्यातले हे काम त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

त्याची सुरुवात विमानांपासून झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांचे काही वैमानिक विमान धावपट्टीवर टेकल्यावर पंखांवरचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच मिटून घेत आणि विमान पोटावर बसे. वैमानिक प्रशिक्षित होते, मग असे का व्हावे? मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपॅनिस यांनी कॉकपिट पाहिले, तर दोन्ही कामांच्या कळी शेजारीशेजारी आणि दिसायला सारख्याच. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता: चाकांच्या कळीला चाकाचा आकार द्यायचा आणि फ्लॅपच्या कळीला फ्लॅपचा, म्हणजे न बघताही बोटांना फरक कळेल. प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याला आजही चाकासारखीच मूठ असते. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी कळी आणि दांडे वापरताना झालेल्या ४६० चुका गोळा करून तपासल्या. त्यांत सर्वाधिक चुका एका दांड्याऐवजी दुसरा ओढण्याच्या निघाल्या. आश्चर्य वाटण्याचे कारणही नव्हते, कारण बी-२५, सी-४७ आणि सी-८२ या तीन विमानांत इंजिनाच्या तीन दांड्यांचा क्रम तीन तऱ्हेचा होता. ज्याला आजवर ‘वैमानिकाची चूक’ म्हटले जात होते, तिचा मोठा भाग विमान बनवणाऱ्यांच्या खात्यात टाकावा लागला.

कारखान्यांनी हा धडा घ्यायला तीस वर्षे लावली, आणि तोही एका अपघातानंतर. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीतल्या बेटावर थ्री माइल आयलंड हे अणुवीजकेंद्र आहे. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास तिथल्या दुसऱ्या युनिटला पाणी पुरवणारे पंप बंद पडले. टर्बाइन ट्रिप झाले, म्हणजे आपोआप थांबले, आणि काही सेकंदांत अणुभट्टीही आपोआप बंद झाली. वाढलेला दाब उतरवण्यासाठी रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. इथवर सगळे ठरल्याप्रमाणेच चालले होते. दाब उतरल्यावर मात्र तो व्हॉल्व्ह मिटला नाही, उघडाच अडकला, आणि भट्टी थंड ठेवणारे पाणी त्यातून निघून जाऊ लागले.

या व्हॉल्व्हसाठी पॅनलवर एक दिवा होता. तो विझला, म्हणून व्हॉल्व्ह मिटला असे ऑपरेटरांनी धरले. पण हा दिवा झडप उघडी आहे की मिटलेली हे पाहतच नव्हता. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सोलेनॉइडला वीज जाते आहे की नाही, एवढेच तो सांगत होता. व्हॉल्व्हला मिटण्याचा हुकूम गेला होता हे खरे, तो पाळला गेला की नाही हे पॅनलवर कुठेही थेट दिसत नव्हते. आडून सुगावा लागण्याच्या जागा होत्या, पण त्यांनीही दगा दिला. बाहेर पडलेले पाणी ज्या टाकीत जमत होते तिचा दाबमापक मुख्य पॅनलच्या मागच्या बाजूला होता. व्हॉल्व्हपुढच्या नळीचे तापमान चढलेले दिसत होते, पण तो व्हॉल्व्ह आधीपासूनच गळत असल्याने चढलेल्या तापमानाची सर्वांना सवय झाली होती. दाबनियंत्रक टाकीतली पातळी तर वाढताना दिसत होती, आणि ती टाकी काठोकाठ भरू द्यायची नाही हे प्रशिक्षणात पक्के बिंबवलेले होते. त्यामुळे ऑपरेटरांनी आपोआप सुरू झालेला आणीबाणीचा पाणीपुरवठाच कमी केला. राखीव पाणीमार्गावरचे व्हॉल्व्ह देखभालीनंतर बंदच राहिले होते, आणि ते सांगणाऱ्या दिव्यांपैकी एकावर देखभालीचे लेबल लोंबत होते.

या सगळ्यात पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक अलार्म वाजले. त्यांतले महत्त्वाचे कोणते आणि बिनमहत्त्वाचे कोणते हे वेगळे करण्याची सोय नव्हती. अलार्मची नोंद छापणारा प्रिंटर इतका मागे पडला, की एका टप्प्यावर तो दोन तासांपूर्वीच्या घटना छापत होता. अडकलेल्या व्हॉल्व्हची वाट दुसऱ्या व्हॉल्व्हने बंद केली गेली तेव्हा सुमारे दोन तास वीस मिनिटे उलटली होती. भट्टीतले निम्म्याच्या आसपास इंधन वितळले. अलार्मचे ते पॅनल काढून फेकून द्यावेसे वाटत होते, अशा अर्थाची साक्ष एका ऑपरेटरने नंतर चौकशी आयोगापुढे दिली.

आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी, बेसिक या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी एक. माणसांना संगणकाशी सोपेपणाने बोलता यावे म्हणून ज्याने भाषा घडवली, त्याच्याच वाट्याला ही चौकशी यावी हा योगायोगच. आयोगाने ऑपरेटरांच्या कृती चुकल्या हे लपवले नाही, पण अपुरे प्रशिक्षण, गोंधळाच्या कार्यपद्धती आणि नियंत्रण कक्षाची सदोष रचना यांवरही स्वच्छ बोट ठेवले. खरे तर इशारा आधीच मिळाला होता. अमेरिकी वीजउद्योगासाठी जोसेफ सेमिनारा आणि सहकाऱ्यांनी अणुकेंद्रांच्या नियंत्रण कक्षांची पाहणी अपघातापूर्वीच केली होती. एकसारख्या कळींच्या लांबच लांब रांगा आणि शेजारच्या युनिटचे आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे मांडलेले पॅनल त्यांना आढळले. एका ठिकाणी तर सारख्या दिसणाऱ्या दोन दांड्यांत गफलत होऊ नये म्हणून ऑपरेटरांनी त्यांवर बिअरच्या नळाच्या निरनिराळ्या मुठी बसवल्या होत्या. चॅपॅनिस यांचाच उपाय ऑपरेटरांनी स्वतःच्या अकलेने पुन्हा शोधून काढला होता.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्यांत संगणकीकृत नियंत्रण आले आणि भिंतभर पसरलेली पॅनल हळूहळू पडद्यांत शिरली. सोय पुष्कळ झाली, पण एक गोष्ट हरवली. जुन्या पॅनलवरून नुसती नजर फिरवली की प्रकल्पाचा सगळा रागरंग कळे. पडद्यावर मात्र एका वेळी एकच तुकडा उघडतो, दाराच्या फटीतून लग्नघर पाहावे तसा. दुसरा बदल अलार्मचा. पूर्वी प्रत्येक अलार्मसाठी तार ओढावी लागे, पॅनलवर जागा शोधावी लागे, म्हणून तो खरोखर हवा का याचा विचार होई. संगणकात अलार्म जवळपास फुकट झाला. मग प्रत्येक मोजमापाला ‘हाय’, ‘हाय-हाय’, ‘लो’, ‘लो-लो’ असे चार-चार अलार्म लागू लागले. सुरक्षा आढाव्याच्या बैठकीत धोका निघाला की ‘अलार्म बसवा’ ही सर्वांत स्वस्त शिफारस ठरली.

याचा हिशेब ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवन इथे चुकता झाला. २४ जुलै १९९४ रोजी विजांच्या वादळाने टेक्साकोच्या तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याची घडी विस्कटली. ऑपरेटर सुमारे पाच तास ती सावरण्यासाठी झगडत होते. एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद असताना यंत्रणा तो उघडा दाखवत होती, म्हणजे थ्री माइल आयलंडच्या अगदी उलट. दुपारी स्फोट झाला आणि २६ जण जखमी झाले. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले, हे सरकारी तपासात निघाले. सरासरी काढली तर अडीच सेकंदाला एक. एवढ्या वेळात अलार्म वाचूनही होत नाही, मग विचार कुठला? अशा वेळी हात यंत्रवत फिरतो आणि ‘ॲक्नॉलेज’ची कळ दाबत राहतो.

या अनुभवातून अलार्म व्यवस्थापन हे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या ‘ईमुआ’ या उद्योगसंघटनेने १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. पुढे अमेरिकेचे आयएसए १८.२ हे मानक २००९ मध्ये आणि आयईसी ६२६८२ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ मध्ये आले. त्यांचा मूळ नियम एकच आहे: ज्यावर ऑपरेटरने काही करायचे नाही तो अलार्मच नव्हे, ती नोंद झाली. प्रकल्प सुरळीत चालू असताना दर दहा मिनिटांना साधारण एक अलार्म माणूस नीट हाताळू शकतो. दहा मिनिटांत दहाहून अधिक आले की तो पूर मानतात. कारखान्यात मोजणी केली की बहुधा मूठभर उपकरणांनीच बराचसा गोंगाट चालवलेला आढळतो. मर्यादेच्या काठावर डुचमळणारी एखादी पातळी रात्रभर अलार्म वाजवते आणि विझवते. तिथे काही सेकंदांचा विलंब किंवा मर्यादेत थोडी ढील दिली तरी भागते. अवघड असते ते प्रत्येक अलार्मचे कारण, परिणाम आणि त्यावरची कृती लिहून काढणे. हजारो अलार्म असलेल्या प्रकल्पात हे काम महिनोन्‌महिने चालते.

पडद्याच्या रचनेचे दुखणे अमेरिकेतल्या टेक्सस सिटीत दिसले. २३ मार्च २००५ रोजी बीपी या तेलकंपनीच्या तिथल्या कारखान्यात एक उंच मनोरा सुरू करताना तीन तास नुसता द्रवाने भरतच राहिला. आत किती येते आणि बाहेर किती जाते हे आकडे दोन वेगळ्या पडद्यांवर होते आणि त्यांची वजाबाकी यंत्रणा करत नव्हती. पातळीमापक मनोऱ्याचा फक्त तळाचा भाग मोजू शकत होता. द्रव १५८ फुटांवर पोहोचला असताना तो आठ फुटांच्या आसपासची आणि हळूहळू उतरणारी पातळी दाखवत होता. अखेर मनोरा ओसंडला आणि स्फोट झाला. त्यात १५ कामगार गेले, १८० जण जखमी झाले. काही ऑपरेटर सलग २९ दिवस बारा-बारा तासांच्या पाळ्या करत होते, हेही चौकशीत उघड झाले. थकवा हाही या शास्त्राचाच विषय आहे.

आजचा सुधारित पडदा पाहायला अगदी फिका असतो. करड्या पार्श्वभूमीवर करड्याच रेषा, आणि रंग फक्त जिथे काही बिघडले आहे तिथे. नुसत्या आकड्याऐवजी तो आकडा नेहमीच्या पट्ट्यात आहे की बाहेर, चढतो आहे की उतरतो आहे, हे छोट्या आलेखात दिसते. फिरणारे पंप आणि झगमगत्या ज्वाळा यांची चित्रे पाहुण्यांना आवडतात, रात्रपाळीच्या माणसाला ती उपयोगाची नसतात. रंगांबाबत आणखी एक गुंतागुंत आहे. वीजक्षेत्रात लाल दिवा म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद. महाराष्ट्रातल्या कोणत्याही वीज उपकेंद्राच्या पॅनलवर ब्रेकरचे दिवे असेच लागतात. रासायनिक कारखान्यात मात्र बहुधा हिरवा म्हणजे चालू. एकाच आवारात दोन्ही असतील तर गोंधळाला आमंत्रणच. शिवाय पुरुषांत रंगांधळेपणा दुर्मीळ नाही, म्हणून अर्थ केवळ रंगावर सोडायचा नाही, आकार किंवा अक्षराची जोड द्यायची, असा संकेत आहे.

मानवी घटकांचे संशोधन करणारा आधी पाळीभर ऑपरेटरच्या शेजारी बसतो, शक्यतो रात्रपाळीत. पॅनलवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, काट्याखाली मार्करने ओढलेल्या रेघा, पाळी बदलताना लॉगबुकात न लिहिता तोंडीच सांगितलेल्या गोष्टी, हा त्याच्या दृष्टीने खजिना असतो, कारण रचनेतली उणीव माणसाने जिथे स्वतः भरून काढली आहे ती नेमकी जागा त्यातून कळते. मग कामाची पायरी न्‌ पायरी मांडली जाते. चालू कारखान्यात प्रयोग करता येत नाहीत, म्हणून चाचण्या सिम्युलेटरवर होतात. त्यातली मिका एंड्सली यांची पद्धत चतुर आहे: मध्येच सिम्युलेटर थांबवायचा, पडदे काळे करायचे आणि विचारायचे, आत्ता दाब किती होता, पाच मिनिटांनी काय होईल? कामाचा मानसिक भार मोजण्यासाठी नासाच्या सँड्रा हार्ट यांनी विकसित केलेली सहा प्रश्नांची मोजपट्टी जगभर वापरली जाते. ॲपच्या जगाहून इथे मोठा फरक असा, की वापरणारे मोजकेच असतात, वर्षानुवर्षे तेच असतात, आणि यंत्रणा विकत घेणारा माणूस त्यांच्यातला जवळपास कधीच नसतो.

भारतात या विषयाची पाळेमुळे मुंबईतही आहेत. शीव इथल्या केंद्रीय श्रम संस्थेत कामगारांच्या शरीरश्रमांचा आणि कामाच्या जागेचा अभ्यास होत आला आहे, आणि आयआयटी मुंबईत औद्योगिक आरेखनाचे केंद्र १९६९ पासून आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक काढले. परदेशी मापांवर बेतलेल्या यंत्राचा दांडा इथल्या माणसाच्या हाताला पुरेल का, हे त्यामुळे अंदाजाऐवजी आकड्यांवर ठरवता येऊ लागले. भाषेचा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. अलार्म इंग्रजी संक्षेपांत येतो, आणि त्याच्यावर काय करायचे याची चर्चा वॉकीटॉकीवर मराठी-हिंदीत चालते.

स्वयंचलन वाढले की ही सगळी कटकट मिटेल असे वाटणे स्वाभाविक आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच यातला पेच मांडला. सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाच्या वाट्याला उरतात ती यंत्राला न जमलेली, म्हणजे सर्वांत अवघड. तीही अचानक, आणि रोजचा हात सुटलेला असताना. म्हणून अणुवीजकेंद्रांत ऑपरेटरांना ठरावीक काळाने सिम्युलेटरवर बिघाडांचा सराव करावाच लागतो. रसायन उद्योगात प्रकल्प उभा राहताना असा सिम्युलेटर अनेकदा घेतला जातो. पुढे प्रकल्पात फेरफार होत जातात आणि सिम्युलेटर जुन्याच नकाशावर राहतो.